राज्यव्यवस्थेचे प्रकार आणि लोकशाहीची मर्यादा : अथेन्सचा धडा

मागच्या व्याख्यानात आपण राज्यसंस्था मुळात का निर्माण झाली हा प्रश्न घेतला होता. आज त्याच्या पुढची पायरी. राज्य हवे हे एकदा मान्य केले, तर ते कोणी करायचे आणि कसे करायचे? राज्यव्यवस्थेचे प्रकार किती, आणि त्यांत लोकशाही नेमकी कुठे बसते?

लोकशाही म्हणजे काय, असे आम्ही वर्गात विचारत असू तेव्हा निम्मी मुले लिंकनच्या व्याख्येपाशी थांबत आणि उरलेली 'बहुमताचे राज्य' असे सांगून मोकळी होत. दोन्ही उत्तरे चूक नाहीत. पण दुसऱ्या उत्तराला लगेच एक उपप्रश्न चिकटतो. बहुमताने काहीही ठरवता येते का? १०० जणांच्या गावात ६० जणांनी उरलेल्यांपैकी दहांना विहिरीत ढकलायचे ठरवले, तर ती लोकशाही झाली का? 'छे, असं कसं होईल?' असे आपण सगळेच म्हणू. पण का नाही? आजचे सगळे व्याख्यान या 'का नाही'चे उत्तर शोधण्यासाठी आहे असे समजा. आणि ते शोधण्यासाठी आपल्याला अथेन्सला जायला हवे, कारण हा प्रश्न तिथे पुस्तकात नव्हे, भर सभेत उभा राहिला होता.

आधी प्रकारांचे बघू. एकाचे राज्य, थोड्यांचे राज्य आणि पुष्कळांचे राज्य, अशी तीन खात्यांची विभागणी ग्रीकांमध्ये जुनी आहे. हिरोडोटसच्या इतिहासात तीन इराणी सरदार या तिघांची बाजू मांडून वाद घालताना दाखवले आहेत. ॲरिस्टॉटलने 'पॉलिटिक्स' या ग्रंथात या विभागणीला दुसरा निकष जोडला. राज्य किती जण करतात एवढेच पाहू नका, कोणासाठी करतात तेही पाहा. सर्वांच्या हितासाठी की स्वतःच्या? म्हणजे तीन दुणे सहा. एकाचे चांगले राज्य ती राजेशाही, बिघडली की जुलूमशाही. थोड्यांचे चांगले राज्य ती श्रेष्ठजनांची सत्ता, बिघडली की मूठभरांची सत्ता. आणि पुष्कळांचे चांगले राज्य, त्याला तो 'पॉलिटी' म्हणतो. ते बिघडले की? त्याला तो नाव देतो 'डेमोक्रसी'!

हो, बरोबर ऐकलंत. आपण ज्या शब्दाची शपथ घेतो तो ॲरिस्टॉटलने बिघडलेल्यांच्या यादीत टाकला आहे. पण रागावू नका. त्याच ग्रंथात तो आणखी दोन गोष्टी सांगतो. पहिली अशी की थोडे आणि पुष्कळ हा आकड्यांचा फरक वरवरचा आहे, खरा फरक श्रीमंत आणि गरीब यांचा आहे. श्रीमंत सगळीकडे थोडे असतात आणि गरीब पुष्कळ, म्हणून आकडा डोळ्यांत भरतो एवढेच. दुसरी गोष्ट आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची. लोकशाहीचे त्याने पुन्हा पोटभेद केले. एका लोकशाहीत कायदा वरचढ असतो, आणि दुसरीत सभेचा त्या दिवशीचा ठराव कायद्याच्या डोक्यावर बसतो. या दुसरीत भाषणबाज पुढारी फोफावतात आणि लोकसमुदाय म्हणजे अनेक डोक्यांचा एकच राजा होऊन बसतो. त्याचा रोख या दुसरीवर आहे.

हे लिहिणारा ॲरिस्टॉटल स्वतः अथेन्सचा नागरिक नव्हता. तो उत्तरेकडच्या स्टॅगिरा गावचा. अथेन्समध्ये त्याने शाळा चालवली, पण तिथे मत द्यायचा अधिकार त्याला कधीच नव्हता.

आता अथेन्स. लोकशाही तिथे एका रात्रीत आली नाही. इ.स.पू. ५९४ च्या सुमारास सोलॉनने कर्जापायी माणसाला गुलाम करण्याची प्रथा बंद केली. पोटाशी जमीन नाही आणि देहही सावकाराकडे गहाण, अशा माणसाला मत देऊन काय उपयोग? म्हणून पहिली सुधारणा मताची नव्हे, कर्जाची झाली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. मग मध्ये काही दशके पिसिस्ट्रॅटस आणि त्याच्या मुलांची एकाधिकारशाही होऊन गेली. ती संपल्यावर इ.स.पू. ५०८-०७ मध्ये क्लाइस्थेनीसने खरी मांडामांड केली. घराणी आणि भावकी यांच्या जोरावर चालणारे जुने गट त्याने राजकारणापुरते मोडले आणि दहा नव्या जमाती केल्या. प्रत्येक जमातीत थोडी शहरातली वस्ती, थोडी किनाऱ्यावरची, थोडी आतल्या भागातली. म्हणजे कोळी, शेतकरी आणि शहरी कारागीर एका गटात. भावकीने भावकीला मत देण्याची सोयच त्याने काढून घेतली. आपल्याकडे गावकी-भावकीचे राजकारण ज्यांनी पाहिले आहे त्यांना यातली हुशारी वेगळी समजावून सांगायला नको.

कारभार कसा चाले? प्निक्स नावाच्या टेकडीवर नागरिकांची सभा भरे. कोणीही नागरिक उठून बोलू शके. महत्त्वाच्या काही निर्णयांना ६,००० जणांची हजेरी लागे. सभेपुढे काय आणायचे हे ५०० जणांचे मंडळ ठरवी, आणि हे ५०० जण निवडून येत नसत, चिठ्ठ्या टाकून नेमले जात. या मंडळावर आयुष्यात दोनदाच बसता येई. त्यातले ५० जण वर्षाचा दहावा भाग रोजचा कारभार बघत आणि त्यांचा अध्यक्ष दररोज बदले, तोही चिठ्ठीने. न्यायालयातही तसेच. दरवर्षी ६,००० न्यायपंच चिठ्ठीने निघत आणि एकेका खटल्यासाठी २०१, ५०१ अशा संख्येने बसत. मतदान फक्त थोड्या पदांसाठी, मुख्यतः दहा सेनापतींसाठी. कारण युद्ध आणि आरमार हे येरागबाळ्याचे काम नाही हे त्यांनाही कळत होते.

इथे आपली एक समजूत जरा हलते. आपल्याला निवडणूक म्हणजेच लोकशाही वाटते. ग्रीकांना वाटे, निवडणुकीत नावाजलेला, पैसेवाला, चांगला बोलणारा माणूसच येणार. म्हणून निवडणूक ही मूठभरांच्या सत्तेची पद्धत आणि चिठ्ठी ही लोकशाहीची. ॲरिस्टॉटलने हे स्पष्ट नोंदवले आहे. आपण काही आता चिठ्ठ्या टाकायला लागावे असे आम्ही म्हणत नाही. पण त्या चिठ्ठीमागचे तत्त्व बघा. प्रत्येक नागरिक एक, आणि एकापेक्षा कमी किंवा जास्त कोणीच नाही. अधिकारपदावर गेलेल्याला वर्षाच्या शेवटी हिशेब द्यावा लागे, मग तो पेरिक्लीस का असेना.

आणि या 'प्रत्येक' शब्दाच्या बाहेर कोण होते? स्त्रिया, गुलाम आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहणारे परदेशी. इ.स.पू. ४५१ नंतर तर आई आणि बाप दोघेही अथेन्सचे असल्याशिवाय नागरिकत्व मिळेना. चौथ्या शतकात मत देणारे पुरुष साधारण ३०,००० धरले जातात आणि बाकीची वस्ती त्यांच्या कितीतरी पट. हे झाकून ठेवून अथेन्सचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. भारतात १९५१-५२ च्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे १७ कोटी स्त्री-पुरुष मतदार होते. या बाबतीत आपण अथेन्सच्या पुष्कळ पुढे सुरुवात केली.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अशी सभा, जिच्यावर दुसरा कोणी धनी नाही, तिने चुकीचे ठरवले तर?

एकदा ती चुकता चुकता वाचली. इ.स.पू. ४२७ मध्ये मिटिलिनी या शहराने बंड केले आणि ते मोडल्यावर अथेन्सच्या सभेने संतापाच्या भरात ठराव केला की तिथल्या सगळ्या प्रौढ पुरुषांना मारावे, बायका-मुलांना गुलाम करावे. ठराव घेऊन जहाज निघालेसुद्धा. रात्र गेली आणि लोकांना वाटू लागले, आपण हे काय करून बसलो? दुसऱ्या दिवशी पुन्हा सभा भरली. क्लिऑन म्हणाला, ठराव बदलायचा नाही. डायोडोटसने उलट बाजू मांडली. थोड्याच मतांनी ठराव फिरला आणि मागून दुसरे जहाज सोडले. वल्हेकऱ्यांनी वल्ही न ठेवता, वल्हवता वल्हवताच खाऊन-पिऊन, ते कसेबसे वेळेवर पोहोचवले. हजारो माणसे वाचली. बंडाचे म्हणून निवडलेले पुष्कळ लोक तरीही मारले गेले, पण शहर वाचले. सभेला पुन्हा विचार करता आला म्हणून वाचले.

एकवीस वर्षांनी मात्र दुसरे जहाज नव्हते. ही हकिकत जरा सविस्तर सांगतो. ती झेनोफोनने लिहून ठेवली आहे.

इ.स.पू. ४०६. स्पार्टाशी चाललेले युद्ध सव्विसाव्या वर्षात. अथेन्सचे एक आरमार अडकून पडलेले, तिजोरी रिकामी. लोकांनी होते नव्हते ते गोळा करून ११० जहाजे पाण्यात उतरवली. वल्ह्यांवर माणसे पुरेनात म्हणून गुलामांना बसवले आणि त्याबद्दल स्वातंत्र्य दिले. दोस्तांची जहाजे मिळून आकडा १५० च्या वर गेला. अर्जिन्युसी बेटांजवळ लढाई झाली आणि अथेन्स जिंकले. स्पार्टाच्या बाजूची सत्तरच्या आसपास जहाजे गेली, अथेन्सची २५. एका जहाजावर साधारण दोनशे माणसे. फुटलेल्या जहाजांच्या फळ्यांना धरून माणसे पाण्यात तरंगत होती. सेनापतींनी ठरवले की काही जहाजांनी त्यांना उचलावे आणि बाकीच्यांनी शत्रूवर जावे. तेवढ्यात वादळ उठले. कोणालाच उचलता आले नाही.

लढाईवरच्या आठ सेनापतींना अथेन्सने परत बोलावले. दोघे आलेच नाहीत, सहा आले. सभेपुढे त्यांनी वादळाचे सांगितले, सुकाणूवाल्यांच्या साक्षी आणल्या. लोकांना पटू लागले होते. पण अंधार पडला, वर केलेले हात मोजता येईनात, म्हणून सभा पुढे ढकलली. मध्ये कुळाकुळांनी एकत्र जमण्याचा सण आला. घराघरात रिकामी जागा. मेलेल्यांचे नातेवाईक काळे कपडे घालून, डोकी भादरून सभेला आले. झेनोफोन म्हणतो, त्यांतले काही मुद्दाम तयार केलेले होते. एक माणूस उठून म्हणाला, मी पिठाच्या पिंपाला धरून वाचलो आणि बुडणाऱ्यांनी मला निरोप दिला आहे. विचार करा, त्या सभेत काय झाले असेल!

मग कॅलिझेनस नावाच्या माणसाने ठराव आणला. दोन्ही बाजू आपण मागच्या सभेत ऐकल्याच आहेत. आता वेगळा खटला नको. सगळ्यांचा निकाल एकाच मतदानाने लावू. दोषी असतील तर सगळ्यांना मृत्युदंड.

युरिप्टोलेमस उठला. त्याने काय मागितले? सेनापतींना सोडा असे नाही. तो म्हणाला, हा ठराव कायद्याविरुद्ध आहे, प्रत्येकाचा खटला वेगळा चालवा. तेव्हा सभेत ओरडा झाला की लोकांना जे करायचे आहे ते करू दिले जात नाही, हे भयंकर आहे. कोणी सुचवले की हरकत घेणाऱ्यांनाही त्याच मतदानात घाला. युरिप्टोलेमसला हरकत मागे घ्यावी लागली. कारभारावरच्या ५० जणांपैकी काही म्हणाले, आम्ही हा ठराव मताला टाकणार नाही. त्यांनाही तोच दम मिळाला आणि ते गप्प झाले. एक सोडून सगळे. तो एक त्या वर्षी चिठ्ठीने मंडळावर आला होता, वय साठीच्या पुढे. त्याचे नाव सॉक्रेटिस.

युरिप्टोलेमस तरीही पुन्हा बोलला. प्रत्येकाचा वेगळा खटला, असा प्रतिठराव त्याने मांडला. पहिल्यांदा हात मोजले तेव्हा तो जिंकलासुद्धा. मग हरकत निघाली, पुन्हा मतदान झाले आणि या खेपेला दुसरी बाजू जिंकली. सहाही सेनापतींना मृत्युदंड झाला. त्यांतला एक पेरिक्लीसचा मुलगा होता. थोड्याच दिवसांत अथेन्सला पश्चात्ताप झाला आणि ज्यांनी लोकांना फसवले त्यांच्यावर खटले भरायचे ठरले. कॅलिझेनस निसटला, पुढे परत आला आणि सगळ्यांच्या तिरस्कारात उपाशी मेला. पण मेलेले सेनापती काही परत आले नाहीत. दोन वर्षांत अथेन्स युद्ध हरले.

आता तत्त्वाचे बोलू. त्या दिवशी सभा भरली होती, भाषणे झाली होती, मतेही मोजली होती. मग चुकले काय? 'बहुमत मूर्ख होते' हे सोपे उत्तर आहे, आणि लोकशाहीच्या शत्रूंनी ते दोन हजार वर्षे दिले. आम्हाला ते मान्य नाही. आमचे म्हणणे असे की त्या दिवशी लोकशाहीने आपले मूळ तत्त्वच सोडले. लोकशाहीत मते कशी मोजतात? एकेक. घराण्याचे एक मत नाही, जातीचे एक मत नाही, माणसाचे एक मत. ज्या कारणासाठी प्रत्येकाला वेगळे मत आहे त्याच कारणासाठी प्रत्येकाला वेगळा खटला आहे. माणूस हा गठ्ठ्यातला एक नसतो, म्हणून. मोजताना एकेक आणि मारताना घाऊक, हे एका तत्त्वात बसत नाही. तेव्हा विहिरीत ढकलणाऱ्या त्या ६० जणांना आपले उत्तर हे आहे : तुमच्या प्रत्येकाच्या मताला ज्यामुळे किंमत आली, तेच तुम्ही त्या दहांचे नाकारता आहात. मग तुमचे ६० मोजायचे तरी कशाला?

अथेन्सने यातून धडा घेतला. इ.स.पू. ४०३ मध्ये, तीस जुलमी कारभाऱ्यांची सत्ता उलथून लोकशाही परत आली तेव्हा कायदा आणि ठराव यांत स्पष्ट फरक केला. सभेचा कोणताही ठराव कायद्यापेक्षा वरचढ ठरणार नाही. एकट्यादुकट्या माणसाला लक्ष्य करणारा कायदा करता येणार नाही, अपवाद ६,००० जणांच्या गुप्त मतदानाचा. आणि कायदे करण्याचे काम सभेकडून काढून वेगळ्या, शपथबद्ध मंडळाकडे दिले. लोकांनी स्वतःच स्वतःला घातलेला हा लगाम होता. ज्या लोकशाहीवर ॲरिस्टॉटलने टीका केली ती तोवर बरीचशी सुधारली होती, असे म्हणायला जागा आहे.

पण मग कोणी विचारेल, सॉक्रेटिसला तर इ.स.पू. ३९९ मध्ये रीतसर खटला चालवून मारले, त्याचे काय? प्रश्न बरोबर आहे. त्याचा खटला वेगळा चालला, त्याला बोलू दिले, मते मोजली. नियम पाळले गेले, तरी न्याय झाला नाही. म्हणजे नियम आवश्यक आहेत, पुरेसे नाहीत. नियम पाळणाऱ्यांच्या मनात काहीतरी असावे लागते. ते काय?

इथे एका इंग्रज बँकवाल्याचे नाव घ्यायला हवे. जॉर्ज ग्रोट. पार्लमेंटचा सभासद, गुप्त मतदानाचा पुरस्कर्ता, आणि बारा खंडांचा ग्रीसचा इतिहास लिहिणारा. तो १८४६ ते १८५६ या काळात प्रसिद्ध झाला. क्लाइस्थेनीसबद्दल लिहिताना ग्रोटने त्या 'काहीतरी'ला नाव दिले : संवैधानिक नैतिकता. त्याच्या मांडणीचा आशय असा. राज्यघटनेने घालून दिलेल्या रीतींबद्दल मनापासून आदर हवा. त्या रीतींत राहून काम करणाऱ्या अधिकाऱ्याचे ऐकायचे, पण त्याच्यावर मोकळेपणी टीकाही करायची. आणि सर्वांत अवघड म्हणजे, आपल्या कट्टर विरोधकालाही या रीती आपल्याइतक्याच पवित्र वाटतात, असा भरवसा बाळगायचा.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत घटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ग्रोटचा हाच उतारा वाचून दाखवला. टीका अशी होती की घटनेत कारभाराचे एवढे बारीकसारीक तपशील कशाला? बाबासाहेबांचे उत्तर असे की संवैधानिक नैतिकता उपजत नसते, ती जोपासावी लागते आणि आपल्या लोकांना ती अजून शिकायची आहे. ती मुरलेली असती तर तपशील वगळले असते. नाही, म्हणून तपशील लिहून ठेवणे बरे. अथेन्सच्या टेकडीवरचा अनुभव, लंडनचा इतिहासकार आणि दिल्लीचे सभागृह, असा हा धागा आहे. १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायाधीशांपैकी सात जणांनी सांगितले की संसदेला घटना दुरुस्त करता येईल, पण तिची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. तिथेही प्रश्न तोच होता. बहुमताला काहीही करता येते का?

हे सगळे दिल्लीपुरते आहे असे समजू नका. आपल्या सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा आठवा. अध्यक्ष विषय वाचतात, वाचून संपायच्या आत 'मंजूर, मंजूर' असा घोष होतो. एखादा सभासद अहवाल हातात घेऊन उभा राहतो, 'पान अमुकवरच्या आकड्याबद्दल विचारायचं आहे' म्हणतो, आणि मागून आवाज येतो, 'बसा हो खाली, विषय मंजूर झालाय.' बहुमत आहे, सभा आहे, गणपूर्ती आहे. पण त्या उभ्या राहिलेल्या एकट्याचे काय? तो कदाचित चुकतही असेल. त्याचा प्रश्न बिनबुडाचा असेल. तरी त्याला दोन मिनिटे बोलू देणे ही मेहेरबानी नाही. आपल्या 'मंजूर'ला जो काही अर्थ आहे तो त्या दोन मिनिटांमुळे आहे.

तेव्हा आजचे सार तीन वाक्यांत. राज्यव्यवस्थेचे प्रकार सत्ता कोणाकडे आहे यावरून ओळखतात, पण त्यांची प्रत सत्ता कशाला बांधलेली आहे यावरून ठरते. लोकशाही बहुमताने चालते, पण तिचे तत्त्व बहुमत नसून प्रत्येक माणूस वेगळा मोजणे हे आहे. आणि हे तत्त्व नुसते लिहून टिकत नाही, ते सभेसभेत सवयीने अंगी आणावे लागते.

पुढच्या व्याख्यानात आपण रोमकडे जाऊ. एकाची, थोड्यांची आणि पुष्कळांची सत्ता एकत्र बांधून ठेवली तर ती बिघडत नाही, असे पॉलिबियसला वाटले होते. ते कितपत खरे ठरले ते पाहू. आता प्रश्न विचारा. वेगळे मत असेल तर आधी तेच मांडा.